रत्नागिरीला जायचं, तर तिथी पाहून

रत्नागिरीचं नाव काढलं की पुढचा शब्द येतो तो गणपतीपुळे, नाहीतर हापूस. मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबं सकाळी पुळ्याला दर्शन घेतात, दुपारी थिबा राजवाड्यासमोर फोटो काढतात, बाजारातून आंबापोळी आणि कोकम घेतात आणि अंधार पडायच्या आत परतीच्या रस्त्याला लागतात. रत्नागिरी पाहिली असं सांगायला तेवढं पुरतं. पण ज्या गावात काळ्या आणि पांढऱ्या वाळूचे किनारे शेजारी शेजारी आहेत, तिन्ही बाजूंनी समुद्रात शिरलेला किल्ला आहे आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची कबर आहे, ते अर्ध्या दिवसात उरकण्याजोगं नाही. त्याला निदान तीन दिवस द्यावेत. ते तीन दिवस कोणते, हे सुट्ट्यांच्या यादीआधी पंचांगात पाहून ठरवावं.

पंचांगात अशासाठी, की भरती-ओहोटी चंद्रावर चालते. दिवसातून दोनदा पाणी भरतं, दोनदा सुकतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून किनारपट्टीच्या लोकांनी एक साधा आडाखा बांधला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी दुपारच्या आधी पाणी भरलेलं असतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, पण सहल आखायला हा हिशेब पुरेसा आहे.

संध्याकाळी वाळूत चालायचं, मुलांना किल्ले करू द्यायचे, ओल्या वाळूवर पडलेला सूर्यास्ताचा रंग पाहायचा, असा बेत असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीया-तृतीयेपर्यंतचे दिवस चांगले. तेव्हा भाट्ये आणि मांडवीचा किनारा ऐन संध्याकाळी मोकळा होतो. अष्टमीच्या पुढेमागे गेलं, तर त्याच वेळी पाणी वरपर्यंत आलेलं असतं आणि फिरायला अरुंद पट्टा उरतो. अशी संध्याकाळ किल्ल्यावर किंवा थिबा पॉइंटवर घालवावी. पौर्णिमेच्या बाजूने गेलं तर वर चांदणंही मिळतं.

एक गोष्ट मात्र याच हिशेबात धरायला हवी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, नेहमीपेक्षा खाली उतरतं, त्यामुळे त्याची ओढही जास्त असते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात आणि त्यांत पोहता येणारेही असतात. देवळासमोरचं पाणी दिसायला साधं वाटतं. पण तळाची वाळू सारखी हलते, खड्डे पडतात आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे खेचलं जातं. अशा ओढीत सापडलं, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडण्यात दम संपतो. त्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं आणि मग आत यावं. अर्थात सर्वांत चांगलं म्हणजे घोट्याएवढ्या पाण्यात समाधान मानणं आणि जीवरक्षकाची शिट्टी ऐकणं. शिट्टी ऐकून हसणारे लोक प्रत्येक किनाऱ्यावर असतात. त्यांच्या नादी लागू नये.

आता ऋतू. जून ते सप्टेंबर समुद्राजवळ जायचं नाही, लांबून पाहायचा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताज्या सुरमईची आस धरून जुलैत जाणाऱ्याच्या पानात बर्फातला मासा येतो. मात्र हिरवे सडे, धबधबे आणि धुकं पाहायचं असेल, तर हाच काळ. ऑक्टोबर दमट आणि तापलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. थंडी नावापुरतीच असते, पण पहाटे आणि संध्याकाळी हवा छान असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर बाजारात येतात आणि त्यांची उसळ खायला मिळते. एप्रिल-मे आंब्याचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आंबा खायला मे महिन्यात जरूर जावं, पण खोल्या महाग असतात, उकाडा जीव काढतो आणि दुपारी बाहेर पडता येत नाही, हे गृहीत धरावं. हापूसचं वेड नसेल, तर डिसेंबर बरा.

जाण्यासाठी रेल्वे हाच शहाणपणाचा मार्ग. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं, की त्यावर आता विनोदही जुने झाले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर रत्नागिरी मुंबईहून काही तासांवर आली. रत्नागिरीच्या थोडं अलीकडे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा लागतो. पीर पंजालचा बोगदा २०१३मध्ये सुरू होईपर्यंत भारतीय रेल्वेवरचा तो सर्वांत लांब बोगदा होता. चौसष्ट मीटर उंचीचा पानवलचा प्रसिद्ध पूल मात्र रत्नागिरी स्थानकाच्या दक्षिणेला, निवसरच्या बाजूला आहे. मुंबईहून येऊन रत्नागिरीला उतरणाऱ्यांना तो दिसतच नाही. गोव्याकडून किंवा सावंतवाडीहून येणाऱ्यांना दिसतो. पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकही वेगळं असतं, तेव्हा जून ते ऑक्टोबरच्या प्रवासाला जुन्या वेळा धरून चालू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना कोल्हापूरहून आंबा घाटाचा रस्ता सोयीचा. तो हातखंब्याला महामार्ग ओलांडून शहरात शिरतो, आणि घाट दिवसाउजेडी उतरावा असा आहे.

स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर, सड्यावर आहे. रत्नागिरीची रचना मनात नीट बसली, की फिरणं सोपं होतं. वरची रत्नागिरी म्हणजे मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे रस्ता. रुंद रस्ते, नव्या इमारती, बरीचशी हॉटेलं. खालची रत्नागिरी म्हणजे एसटी स्टँड, राम आळी, गोखले नाका, टिळक आळी आणि पुढे मांडवी. जुनी घरं, अरुंद आळ्या, बाजार आणि अखेर समुद्र. गाडी घेऊन येणाऱ्याने वर उतरावं, कारण खाली गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाते. पायी फिरणाऱ्यांनी आणि रिक्षावर भागवणाऱ्यांनी खाली किंवा मांडवीच्या बाजूला मुक्काम करावा. भाट्याच्या पुलापलीकडे राहिलं तर समुद्र दारात, पण जेवायला गावात यावं लागतं.

एक पूर्ण दिवस खालच्या गावाला द्यावा, आणि तो सोमवार नसावा. सरकारी संग्रहालयांची सुट्टी बहुधा सोमवारी असते आणि राजवाड्याच्या फाटकावरून परतणारी मंडळी त्या दिवशी हमखास दिसतात.

टिळक आळीतल्या कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते. १८६६मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि टिळक दहाव्या वर्षी रत्नागिरी सोडून गेले. घर जपून ठेवलं आहे. वस्तू फार नाहीत, पण एकोणिसाव्या शतकातल्या कोकणी मध्यमवर्गाची ओटी, माजघर, अंगण कसं असे, ते इथे कळतं.

जवळच पतितपावन मंदिर आहे. विनायक दामोदर सावरकरांना १९२४मध्ये राजकारणात न पडण्याच्या आणि रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटींवर सोडण्यात आलं. हे निर्बंध १९३७पर्यंत राहिले. या तेरा वर्षांत त्यांनी इथे अस्पृश्यता निवारणाचं, सहभोजनांचं काम केलं. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ हवं होतं. ते बांधून दिलं भागोजीशेठ कीर यांनी. गरिबीतून वर आलेले, मुंबईत बांधकामाच्या ठेक्यांवर मोठे झालेले रत्नागिरीचे हे भंडारी गृहस्थ. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते मंदिराची प्रतिष्ठापना झाली. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, १९३१ सालच्या कोकणात हे देऊळ उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती. भागोजीशेठांनी किल्ल्याच्या बाजूला बांधलेलं भागेश्वराचं मंदिरही पाहण्यासारखं आहे.

सावरकर इथे का, आणि ब्रह्मदेशाचा राजा इथे का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच नकाशात आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. ज्याला जगापासून तोडायचं त्याच्यासाठी इंग्रजांना याहून सोयीची जागा सापडली नसती. १८८५च्या नोव्हेंबरात मंडाले पडलं. कोनबाँग घराण्याचा राजा थिबा तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. राणी सुपयालात आणि मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. इथे तो तीस वर्षं राहिला. ज्या राजवाड्यासाठी आज लोक तिकीट काढतात, तो १९१०मध्ये तयार झाला. म्हणजे वनवासाची चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर राजाला स्वतःचं घर मिळालं आणि त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६मध्ये त्याचं इथेच निधन झालं. बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं आणि त्याचा शेवट तिथे झाला, हे आठवलं की इंग्रजांचा खाक्या लक्षात येतो.

राजवाडा जांभ्या दगडाचा आणि विटांचा, उतरत्या छपरांचा आहे. खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानींत रंगीत काचा बसवल्या आहेत. आत संग्रहालय आहे. सज्जात उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. राजा तासन् तास तिकडे पाहत बसे, असं इथले लोक सांगतात. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० सालच्या कादंबरीत हा सगळा काळ आला आहे. जायच्या आधी ती वाचली तर रिकाम्या दालनांना थोडा जीव येतो. थिबाची कबर राजवाड्यापासून दूर, शिवाजीनगर भागात आहे. तिथे सहलीची बस सहसा जात नाही. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मात्र २०१२च्या डिसेंबरमध्ये मुद्दाम तिथे आले होते, आणि २०१६मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा म्यानमारहून मोठं शिष्टमंडळ आलं. राजाच्या थोरल्या मुलीचं राजवाड्यातल्या गोपाळ सावंत या चाकरावर मन जडलं. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, इथेच संसाराला लागली आणि पुरती रत्नागिरीकर झाली. राजघराण्याची ही शाखा गावात मिसळून गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग. दुपारचं ऊन टाळून चारच्या सुमारास वर जावं. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७०मध्ये घेतला; पुढे तो आंग्र्यांकडे, मग पेशव्यांकडे आणि १८१८मध्ये इंग्रजांकडे गेला. दीपगृहाच्या बाजूने आणि तटावरून मिरकरवाडा बंदरातल्या होड्या, मिऱ्याचा डोंगर आणि भगवती बंदर एका नजरेत येतं. तट जागोजागी ढासळलेला आहे आणि खाली सरळ कडा आहे. फोटोसाठी कठड्यावर चढणाऱ्या मुलांचा हात सोडू नये.

किल्ल्याच्या दक्षिणेला, मांडवीकडे काळी वाळू. उत्तरेला मिऱ्याच्या बाजूचा तो ‘पांढरा समुद्र’. इथल्या किनाऱ्याची धूप हा गावाचा जुना प्रश्न आहे. बंधारे बांधले जातात आणि लाटा ते खातात. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज नांगर तुटून याच किनाऱ्यावर येऊन रुतलं. खलाशी वाचले, पण जहाज पुढे काही वर्षं तिथेच गंजत पडलं आणि काही काळ तेच गावातलं सर्वांत गाजलेलं प्रेक्षणीय स्थळ झालं.

मिरकरवाड्याला होड्या लागतात तेव्हा जावं. दालदी मुसलमान आणि खारवी समाजाच्या मेहनतीवर हे बंदर उभं आहे. टोपल्यांत म्हाकूळ, बांगडा, सुरमई ओतली जाते, लिलाव पुकारला जातो आणि पर्यटकाने वाटेत न येणं एवढीच अपेक्षा असते. नाकाला रुमाल लावून उभं राहणाऱ्यांनी न गेलेलंच बरं. मुलांना मासे पाण्यात पोहताना दाखवायचे असतील, तर कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आहे. देवमाशाचा अवाढव्य सांगाडा तिथे ठेवला आहे आणि तो पाहून मोठ्यांचीही तोंडं बंद होतात.

तिसऱ्या दिवसासाठी दोन दिशा आहेत आणि एकाच दिवसात दोन्ही करू नयेत. उत्तरेला आरे-वारेचा सागरी रस्ता. डोंगराच्या कडेने वळणं घेत जाणारा आणि खाली दोन्ही पुळणी उघड्या दाखवणारा हा रस्ता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी एक आहे. पुढे पुळे, त्यापुढे मालगुंड. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. मधु मंगेश कर्णिक आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभं केलं. पुळ्याच्या गर्दीतून आल्यावर इथली शांतता बरी वाटते. आणखी पुढे जयगड, आणि तिथून गाडीसकट फेरीबोटीत बसून तवसाळमार्गे गुहागरला जाता येतं.

दक्षिणेची दिशा कमी मिरवली जाते. भाट्याचं सुरूबन आणि नारळ संशोधन केंद्र, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, गणेशगुळे, पूर्णगडचा छोटा किल्ला आणि गावखडीचा किनारा. गावखडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं समुद्रात सोडली जातात. तेव्हा मोबाइलचा झोत पिल्लांवर मारायचा नसतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, जांभ्या कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या चौकटी शेकड्यांनी सापडल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून त्यांची नोंद केली. २०२२मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. शहरापासून सर्वांत सोयीचं ठिकाण उक्षी. तिथला हत्ती उंचावरून पाहिला की नीट उमगतो. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती त्याहून प्रचंड आहे. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. शिल्पांवर पाय ठेवू नये, खडूने रेषा गिरवू नयेत. हजारो वर्षं पावसाला पुरून उरलेल्या रेघा बुटांच्या तळव्यांनी झिजतात.

खाण्याचं नियोजन असं वेगळं करायला नको, फक्त एक पथ्य पाळावं. मेन्यूकार्डावर पनीर शोधू नये. माशांच्या खानावळीत आज काय आलं आहे ते विचारावं आणि तेच मागावं. बांगडा ताजा असेल तर तो महागड्या पापलेटापेक्षा चवदार लागतो. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक, घावन, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी मिळते. आयत्या वेळी गेलं तर मिळेल ते.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं आणि गणपती, दिवाळी, नाताळ, मे महिना या काळात पहिल्याच दिवशी संपतं. तेव्हा पंचांगात पौर्णिमा किंवा अमावास्या शोधावी, तिच्यापासून तीन दिवस धरावेत, त्यात सोमवार आलाच तर तो आरे-वारेला किंवा पावसला द्यावा, आणि जायचं व यायचं, दोन्ही तिकिटं त्यांचं त्यांचं आरक्षण खुलं होईल त्या त्या सकाळी काढून टाकावीत.